ब्लूटूथ हेडफोन घरच्या कॉम्प्युटरला जोडताना: आधी काय, नंतर काय

‘कनेक्टेड’ असं दिसतंय, पण आवाज स्पीकरमधूनच येतोय. हेडफोनचं नाव यादीत येतच नाही. काल चालत होता, आज चालत नाही. गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. घरच्या डेस्कटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडणाऱ्यांकडून मला पुन्हा पुन्हा याच चार तक्रारी ऐकू येतात. बहुतेक वेळा हेडफोनही धड असतो आणि कॉम्प्युटरही. क्रम चुकलेला असतो.

आपण ज्याला ‘हेडफोन जोडला’ म्हणतो त्यात तीन वेगळी कामं असतात. पहिलं पेअरिंग: कॉम्प्युटर आणि हेडफोन यांची एकदाच होणारी ओळख. दुसरं कनेक्शन: ओळख असलेले दोघं आत्ता, या क्षणी जोडलेले असणं. तिसरं आउटपुट: कॉम्प्युटरने आवाज स्पीकरऐवजी हेडफोनकडे पाठवणं. यातलं एक झालं म्हणजे बाकीची दोन आपोआप झाली, असं समजू नका. अडलं तर आधी स्वतःला विचारा, तिघांतलं नेमकं कुठलं अडलंय? पेअरिंग झालेलं असताना लोक तेच पुन्हा पुन्हा करत बसतात आणि चुकलेलं असतं आउटपुट.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहेत. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ब्लूटूथचं काम त्यात पूर्वीसारखंच चालतं. मेन्यूंची नावं पडद्यावर इंग्रजीत असतात, ती इथे देवनागरीत दिली आहेत.

## टप्पा १: हेडफोन कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

‘वायरलेस’ लिहिलेला प्रत्येक हेडफोन ब्लूटूथचा नसतो. गेमिंगच्या बऱ्याच हेडफोनांबरोबर नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो आणि खोक्यावर ‘२.४ गीगाहर्ट्झ वायरलेस’ असं लिहिलेलं असतं. तो रिसीव्हर कॉम्प्युटरला लावायचा, हेडफोन सुरू करायचा, की काम झालं. पेअरिंग लागत नाही. तुमचा हेडफोन असा असेल तर थेट सहाव्या टप्प्यावर जा. हा रिसीव्हर त्याच हेडफोनसाठी असतो. तो हरवला तर बाजारातला ब्लूटूथ डोंगल (कॉम्प्युटरला ब्लूटूथ देणारं छोटं यूएसबी उपकरण) त्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून तो जपा.

खोक्यावर ब्लूटूथचं चिन्ह असेल तर पुढे वाचा.

## टप्पा २: कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ आहे का ते पाहा

लॅपटॉपमध्ये ते असतंच, असं म्हटलं तरी चालेल. डेस्कटॉपचं तसं नाही. दुकानातून असेंबल करून घेतलेल्या कॅबिनेटमध्ये ब्लूटूथ नसण्याचीच शक्यता जास्त, आणि हे माहीत नसल्यामुळे माणसं तासभर सेटिंग शोधत बसतात.

स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करा आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. यादीत ‘ब्लूटूथ’ नावाचा वेगळा गट दिसला तर हार्डवेअर आहे. गट नाही, पण ‘अदर डिव्हायसेस’ खाली पिवळ्या त्रिकोणाचं काहीतरी दिसतंय, तर हार्डवेअर असूनही ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नसावा. मदरबोर्डच्या (कॅबिनेटमधल्या मुख्य बोर्डच्या) किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल नंबर टाकून, ब्लूटूथचा ड्रायव्हर घ्या. यातलं काहीच दिसत नसेल तर डोंगल घ्यावा लागेल.

डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायला हवी. कॅबिनेटच्या मागे, यूएसबीच्या भोकांजवळ, सोनेरी आट्यांचे दोन छोटे खुंट दिसतात का? दिसले तर मदरबोर्डमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहे आणि त्या खुंटांवर अँटेना बसवायला हव्यात. नेट केबलने घेतलंय म्हणून बऱ्याच घरांत त्या अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात तशाच पडून असतात. पण ब्लूटूथही त्याच अँटेनांवर चालतं. त्या नसतील तर हेडफोन हातभर अंतरावर चालतो आणि खुर्ची मागे सरकवली की तुटतो. डोंगल विकत घेण्याआधी ते खोकं शोधा.

तपासा: सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ चालू-बंद करण्याचा खटका दिसतोय का? तो दिसत नाही तोवर हेडफोनला हात लावायचं कारण नाही. लॅपटॉपवर खटका गायब असेल तर आधी एअरप्लेन मोड बंद आहे ना ते बघा.

## टप्पा ३: डोंगल घेताना आणि लावताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन नुसतं ‘ब्लूटूथ द्या’ म्हटलं तर दुकानदार वेगवेगळ्या चार वस्तू पुढे ठेवू शकतो. त्यातली सगळ्यात फसवी म्हणजे गाडीत लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर. दिसायला यूएसबीसारखा, बरोबर ३.५ मिमीची पिन. तो फोनमधला आवाज घेऊन गाडीच्या स्टिरिओला देतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. कॉम्प्युटरला लावला तर त्याचा दिवा लागतो, म्हणून तो चालू आहे असं वाटतं. पण तो यूएसबीतून फक्त वीज घेत असतो. दुसरी गल्लत वायफाय डोंगलची. काही डोंगलांत वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतं, काहींत नुसतं वायफाय.

मागायचं ते असं: ‘कॉम्प्युटरसाठी यूएसबी ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर, ५.० किंवा पुढचा’. खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे ना, ते वाचून घ्या.

आता लावायचा कुठे? इथे थोडं थांबा, कारण आवाज तुटण्याच्या बऱ्याच तक्रारी या जागेतून येतात. ब्लूटूथ रेडिओलहरींच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. यूएसबी ३ चे पोर्ट, म्हणजे बहुधा आतून निळे असलेले, काम करताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. शेजारच्या निळ्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि गाणं अडखळायला लागलं, तर कारण हेच असतं. शिवाय पाठीमागचा डोंगल टेबलाखाली, लोखंडी पत्र्याच्या मागे, भिंतीला तोंड करून बसलेला असतो.

म्हणून डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा. ब्लूटूथच्या आवाजाला यूएसबी २ चा वेग पुरून उरतो, निळ्या पोर्टने काही जास्त मिळत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या कडेला आणून ठेवा. या केबलचा खर्च फार नाही, पण तिच्यासारखा उपाय दुसरा नाही.

डोंगल लावताना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असू द्या. विंडोज १० आणि ११ बहुतेक डोंगलांचे ड्रायव्हर स्वतः शोधून बसवतं. दोन-तीन मिनिटं द्या. खोक्यातल्या कागदावर ‘आधी ड्रायव्हर बसवा, मग डोंगल लावा’ असं लिहिलं असेल तर त्यांचं ऐका.

सावधान: कॉम्प्युटरमध्ये आधीचं ब्लूटूथ असेल आणि ते कमजोर आहे म्हणून डोंगल घेतला असेल, तर आधीचं बंद करावंच लागतं. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं, दोन असले की गोंधळ होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ब्लूटूथ’ गटात जुन्या अ‍ॅडाप्टरवर उजवं क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ करा. पण तुमचा माउस किंवा कीबोर्ड जुन्या ब्लूटूथवर असेल तर तो त्याच क्षणी बंद पडेल. तारेचा माउस आधीच लावून ठेवा.

## टप्पा ४: पेअरिंगच्या आधी हेडफोन मोकळा करा

लोक नेमका हाच टप्पा गाळतात, म्हणून तो सविस्तर सांगतो.

हेडफोन सुरू झाला की तो आधी ओळखीच्या उपकरणाला शोधतो. तुमचा फोन खिशात आहे, त्याचं ब्लूटूथ चालू आहे, हेडफोन त्याच्याशी रोज बोलतो. तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसून हेडफोन सुरू केलात की दोन सेकंदांत तो फोनला जाऊन चिकटतो. मग कॉम्प्युटरच्या यादीत त्याचं नाव येणार कुठून?

तर क्रम असा:

१. घरातल्या ज्या ज्या फोनला, टॅबला, टीव्हीला हा हेडफोन कधी जोडला असेल, त्या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करा. फक्त तुमच्या फोनचं बंद करून भागत नाही. मुलीने आठवड्यापूर्वी तिच्या टॅबला जोडला असेल तर शेजारच्या खोलीतून तो टॅबही हेडफोन ओढून घेतो.

२. हेडफोन किमान निम्मा चार्ज करा आणि चार्जिंगची वायर काढा. बरेच हेडफोन चार्ज होत असताना ब्लूटूथ बंद ठेवतात.

३. याच कॉम्प्युटरला आधी जोडायचा प्रयत्न करून झाला असेल, तर यादीतून त्याचं नाव काढून टाका. विंडोज ११ मध्ये नावाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘रिमूव्ह डिव्हाइस’. विंडोज १० मध्ये नावावर क्लिक केलं की तेच बटण दिसतं.

४. पूर्वी जोडलेला होता आणि आता काही केल्या जोडला जात नाही, असं असेल तर हेडफोनही रीसेट करा. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, माहितीपत्रकात असते.

तिसरी आणि चौथी पायरी एकत्र का करायची ते समजून घ्या. पेअरिंगच्या वेळी दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली साठवतात. एका बाजूने ती पुसली आणि दुसऱ्या बाजूने जपून ठेवली, तर पुढच्या भेटीत दोघांच्या किल्ल्या जुळत नाहीत आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच निरोप येत राहतो. पुसायचं तर दोन्हीकडून पुसा. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना याचा त्रास जास्त. हेडफोनला दोन्हींकडून ब्लूटूथचा पत्ता एकच दिसतो, पण किल्ल्या वेगळ्या असतात. त्यामुळे एकीकडे पेअर केलं की दुसरीकडचं तुटतं.

तपासा: हेडफोन बंद करून पुन्हा सुरू करा. ‘कनेक्टेड’ असा आवाज आला तर घरातलं कुठलं तरी उपकरण अजून त्याला धरून आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: पेअरिंग

आता कॉम्प्युटरकडे या, पण बटणं दाबायचा क्रम पाळा.

१. सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’. विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’ आणि त्यात ‘ब्लूटूथ अँड अदर डिव्हायसेस’. ब्लूटूथ चालू करा. अजून शोध सुरू करू नका.

२. हेडफोन बंद असू द्या. बंद असतानाच चालू करायचं बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. दोन सेकंदांत ‘पॉवर ऑन’ असा आवाज येईल. बोट उचलू नका. साधारण पाच ते सात सेकंदांनी ‘पेअरिंग’ असं ऐकू येतं किंवा दिवा लाल-निळा असा आलटून पालटून लुकलुकायला लागतो. बोट उचलायचं ते तेव्हा. ‘पॉवर ऑन’ ऐकून बोट उचलणं ही मी पाहिलेल्या चुकांमधली सगळ्यात नेहमीची. हेडफोनला ब्लूटूथचं वेगळं बटण असेल तर हेडफोन सुरू करून ते बटण दाबून धरा.

इअरबड्सचं निराळं. दोन्ही बड्स डबीत, झाकण उघडं आणि डबीवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबलेलं, ही नेहमीची पद्धत. डबीला बटण नसेल तर माहितीपत्रक बघा. एकच बड बाहेर काढून पेअर करू नका, नंतर एकाच कानात आवाज येतो.

३. आता ‘अ‍ॅड डिव्हाइस’ आणि मग ‘ब्लूटूथ’ असं निवडा. विंडोज १० मध्ये बटणाचं नाव ‘अ‍ॅड ब्लूटूथ ऑर अदर डिव्हाइस’ आहे.

४. यादीत नाव यायला पंधरा-वीस सेकंद लागू शकतात. काही वेळा एकच नाव दोनदा येतं, किंवा नावाच्या आधी ‘एलई’ अशी अक्षरं येतात. ज्याच्या शेजारी हेडफोनचं चित्र आहे तेच निवडा. जुन्या हेडफोनने पिन मागितला तर चार शून्यं, ००००, टाकून बघा.

५. ‘युवर डिव्हाइस इज रेडी टू गो’ असं दिसेपर्यंत काही करू नका. हेडफोन चालू-बंद करायचा नाही, पडद्यावरची खिडकी बंद करायची नाही.

पेअरिंगची अवस्था कायम राहत नाही, काही मिनिटांत हेडफोन त्यातून बाहेर पडतो किंवा बंदच होतो. म्हणून सेटिंग आधी उघडून ठेवायची आणि बटण नंतर दाबायचं. उलट केलंत तर तुम्ही मेन्यू शोधत असता आणि हेडफोन तिकडे झोपलेला असतो.

नाव येतच नाही? विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधल्या ‘डिव्हायसेस’च्या पानावर खाली ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ असा पर्याय असतो. तो ‘डिफॉल्ट’वरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करा, यादीत जास्त उपकरणं दिसतात. तरी नाही आलं तर चौथ्या टप्प्यावर परत जा. माझा अनुभव असा की दोष तिथेच सापडतो.

तपासा: विंडोज १० मध्ये नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. ‘कनेक्टेड व्हॉइस, म्युझिक’ असेल तर उत्तम. फक्त ‘व्हॉइस’ असेल तर गाण्यांची वाट जुळलेली नाही, नाव काढून पुन्हा पेअर करा. फक्त ‘पेअर्ड’ असेल तर ओळख झाली, पण आत्ता दोघं जोडलेले नाहीत.

## टप्पा ६: आवाज हेडफोनकडे वळवा

खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीच्या उजवीकडे एक छोटं चिन्ह असतं, विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर बाण असतो. त्यावर क्लिक केलं की आवाज कुठेकुठे जाऊ शकतो त्याची यादी उघडते. त्यात मदरबोर्डचं साउंड कार्ड असेल, एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचंही नाव असेल, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. तुमच्या हेडफोनचं नाव निवडा.

विंडोज १० मध्ये हेडफोनचं नाव दोनदा दिसतं: एकाशेजारी ‘स्टिरिओ’, दुसऱ्याशेजारी ‘हँड्स-फ्री एजी ऑडिओ’. गाणी, व्याख्यानं, सिनेमा यांसाठी नेहमी ‘स्टिरिओ’. विंडोज ११ दोन्ही मिळून एकच नाव दाखवतं आणि आतल्या आत बदलत राहतं. त्याचा परिणाम पुढच्या टप्प्यात येतो.

आधीपासून उघडा असलेला एखादा प्रोग्राम जुन्याच वाटेने आवाज सोडत राहतो. तो बंद करून पुन्हा उघडा. आवाज फार बारीक येत असेल तर तीन जागा बघा: हेडफोनवरची बटणं, विंडोजची पट्टी आणि व्हिडिओच्या प्लेअरची स्वतःची पट्टी.

## टप्पा ७: मीटिंगमध्ये आवाज बिघडतो तो का, आणि त्यावर काय करायचं

हा भाग ज्यांना रोज मीटिंग किंवा ऑनलाइन क्लास असतो त्यांच्यासाठी आहे. तो नीट वाचा. हेडफोन बदलूनही ही तक्रार जात नाही, आणि लोक नाहक दुसरा हेडफोन घेतात.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने फक्त ऐकता येतं, पण दोन्ही कानांत, चांगल्या दर्जाचं. दुसऱ्या वाटेने ऐकता आणि बोलता दोन्ही येतं, पण ती फोनवर बोलण्यासाठी बनवलेली आहे: आवाज एकेरी (दोन्ही कानांत एकच), आणि आवाजाचे नमुने घेण्याचा वेग सेकंदाला ८ किंवा १६ हजार. हा वेग जितका जास्त, तितका आवाज स्पष्ट. गाण्याच्या सीडीत तो ४४,१०० असतो. हेडफोनचा माइक कुठल्याही प्रोग्रामने सुरू केला की पहिली वाट बंद होते आणि दुसरी उघडते. ‘मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो’ तो या क्षणी. फोनवर बोलतानाही हेच होतं, पण तिथे नुसतं बोलणं असल्यामुळे लक्षात येत नाही.

उपाय एकच आणि साधा: ऐकायला हेडफोन, बोलायला दुसरा माइक. झूम, मीट, टीम्स, प्रत्येकात ऑडिओची सेटिंग असते आणि तिथे स्पीकर आणि माइक वेगवेगळे निवडता येतात. स्पीकर म्हणून हेडफोन (विंडोज १० वर ‘स्टिरिओ’ लिहिलेला), माइक म्हणून वेबकॅमचा किंवा लॅपटॉपचा स्वतःचा. मीटिंगला शिरण्याआधी निवडा. झूममध्ये तिथेच स्पीकर आणि माइक तपासायची बटणंही आहेत.

डेस्कटॉपला स्वतःचा माइक नसतो. वेबकॅम असेल तर बहुधा त्यात असतो. नसेल तर कॉलरला लावायचा तारेचा माइक घ्या, पण पिन बघून. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या कडी असतात, कॅबिनेटच्या गुलाबी भोकाला दोन कडींची पिन लागते. तीन कडीवाला माइक थेट खुपसला तर आवाज जात नाही. मधे छोटा स्प्लिटर लावावा लागतो, किंवा सरळ यूएसबीचा माइक घ्यायचा.

हेडफोनचा माइक कधीच वापरायचा नसेल तर दुसरी वाट कायमची बंद करता येते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’मध्ये जा. विंडोज ११ मध्ये त्याची वाट ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘डिव्हायसेस’, आणि तिथे खाली ‘मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’ अशी आहे. हेडफोनवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सर्व्हिसेस’. ‘हँड्सफ्री टेलिफोनी’समोरची खूण काढा आणि ओके करा.

सावधान: ही खूण काढली की या कॉम्प्युटरवर हेडफोनचा माइक दिसणारच नाही. घरात दुसरं कुणी त्याच कॉम्प्युटरवर तो वापरत असेल तर आधी विचारा. फोनवर मात्र माइक पूर्वीसारखा चालतो.

तपासा: मीटिंग नसतानाही आवाज एकेरी, दबका येतोय? खाली टास्कबारवर माइकचं छोटं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर मागे कुठला तरी प्रोग्राम, बहुधा चॅटचा किंवा गेमचा, माइक धरून बसलाय. चिन्हावर माउस नेला की त्याचं नाव कळतं. तो बंद केला की आवाज लगेच सुधारतो.

‘एलई ऑडिओ’ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते. पण त्यासाठी विंडोज ११, कॉम्प्युटरचं ब्लूटूथ आणि हेडफोन या तिघांनाही ती येत असायला हवी. केवळ हेडफोनच्या खोक्यावर लिहिलंय म्हणून ती तुमच्या जुन्या डोंगलवर चालेल असं समजू नका.

## टप्पा ८: आवाज तुटत असेल किंवा उशिरा येत असेल

तुटण्यासाठी आधी डोंगलची जागा बदला, तिसऱ्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे. मग वायफाय बघा, तेही २.४ च्या पट्ट्यात चालत असेल तर ब्लूटूथला अडथळा करतं: राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे देत असेल तर कॉम्प्युटर ५ गीगाहर्ट्झवर न्या, किंवा नेटची केबलच लावा. मोठं डाउनलोड चालू असतानाच आवाज तुटत असेल तर दोष जवळजवळ नक्की इथे आहे. ठरावीक वेळ शांत राहिल्यावर कनेक्शन सुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अ‍ॅडाप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढा.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हा दोष नाही. ब्लूटूथने आवाज पोचायला सेकंदाचा काही भाग लागतोच. यूट्यूबसारख्या ठिकाणी ब्राउझर बहुधा चित्र तेवढंच मागे ठेवून घेतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सिनेमा पाहताना इंग्रजी ‘जे’ची कळ दाबा. प्रत्येक दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. जास्त झालं तर ‘के’ने परत. तीन-चार दाबांत जुळतं. गेम खेळताना किंवा कीबोर्डवर वाद्य वाजवताना मात्र हा उशीर भरून काढता येत नाही. तिथे तारेचा हेडफोन किंवा पहिल्या टप्प्यातला यूएसबी रिसीव्हरवालाच घ्या.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवसापासून

पुन्हा पेअर करू नका. हेडफोन साध्या पद्धतीने सुरू करा, ‘पॉवर ऑन’ झालं की बोट उचला. तो कॉम्प्युटरला आपोआप जोडला गेला तर ठीक. फोनने पळवला तर फोनच्या ब्लूटूथच्या यादीत नावावर जाऊन ‘डिस्कनेक्ट’ करा आणि कॉम्प्युटरवर तीन टिंबांतून ‘कनेक्ट’ (विंडोज १० मध्ये नावावर क्लिक करून) म्हणा. फोनचं ब्लूटूथ रोज बंद करायची गरज नाही.

काही हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. सोय चांगली आहे, पण मीटिंगमध्ये असताना फोनवर कुणाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप वाजला की कॉम्प्युटरचा आवाज मधेच थांबतो. मुलाखत किंवा परीक्षा असेल तर त्या तासापुरतं फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा.

हेडफोन घरातल्या दुसऱ्या कुणाला देणार असाल तर कॉम्प्युटरवरून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ आणि हेडफोनवरून रीसेट, दोन्ही करूनच द्या. नाहीतर बाहेरच्या खोलीत आजी भजनं ऐकायला हेडफोन सुरू करतील आणि तो आतल्या कॉम्प्युटरला जाऊन जोडला जाईल.